जुनी पिकअप: आधी कागद, मग चॅसी, इंजिन शेवटी

पानिपतच्या एचआर-०६ पाटीची एक जुनी पिकअप विकायला आहे, किंमत आवाक्यातली आहे, फोटोत रंग चकचकीत दिसतो आहे. अशी खबर कानावर आली की पुण्या-नाशिककडचा हौशी माणूस सगळ्यात आधी विचारतो, ‘इंजिन कसं आहे?’ प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याची पाळी तिसरी. पहिली पाळी कागदांची, दुसरी चॅसीची. इंजिन उघडून बांधता येतं, त्यात नवे लायनर-पिस्टन बसवता येतात, फारच गेलेलं असेल तर तशाच बनावटीचं दुसरं शोधता येतं. चॅसीवर ठोकलेला नंबर आणि आरसी बुकातला नंबर जुळत नसेल, तर मात्र पैसे मोजून घरी येतं ते फक्त वजनावर विकायचं लोखंड.

आणि पानिपतसारख्या गावात हा फरक कळणं फार गरजेचं आहे.

मराठी माणसाच्या मनात पानिपत आहे ते १४ जानेवारी १७६१ चं. आजचं पानिपत दिल्लीच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर, जीटी रोडवर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पसरलेलं कापडाचं शहर आहे. ब्लँकेट, चादरी, सतरंज्या, पडदे इथे विणले जातात. देशोदेशींचे वापरून टाकलेले कपडे गासड्या बांधून इथे येतात, ते फाडून त्यांचं पुन्हा सूत काढतात आणि त्या सुताची ब्लँकेटं विणतात. गोदामातून सूत मागांवर न्यायचं, मागांवरून कापड रंगाईला न्यायचं, तिथून पुन्हा गोदामात आणायचं, या सगळ्या धावपळीला छोटी मालवाहू गाडी लागतेच. शेजारच्या समालख्यात लोखंड ओतणाऱ्या भट्ट्या आहेत, तिथेही तेच. त्यामुळे राबून थकलेल्या पिकअपांची या पट्ट्यात कधीच वाण नव्हती.

त्या स्वस्त मिळण्याचं कारण मात्र थकवा नाही, कायदा आहे. पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. हवेच्या प्रदूषणाच्या खटल्यात राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१४ मध्ये १५ वर्षांवरच्या गाड्यांबद्दल आणि एप्रिल २०१५ मध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबद्दल आदेश दिले. २९ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल या मर्यादेवर शिक्कामोर्तब केलं. मग १२ ऑगस्ट २०२५ ला त्याच न्यायालयाने, निव्वळ वय पाहून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला, आणि डिसेंबरात हे संरक्षण धुराच्या बीएस-४ मानकाच्या व त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. जुन्या पिकअपचा शौक असलेल्याला यातली शेवटची ओळ पुरेशी आहे. त्याला हवी असलेली प्रत्येक गाडी बीएस-४ च्या कितीतरी आधीची असते. ती राजधानी क्षेत्रात चालवता येत नाही, म्हणून तिला दोनच वाटा उरतात: भंगार, नाहीतर एनओसी घेऊन दुसरं राज्य.

एनओसी म्हणजे फॉर्म २८. हरियाणात खासगी गाडीची नोंदणी एसडीएमच्या कार्यालयात होते आणि मालवाहू गाडीची आरटीएकडे. महाराष्ट्रातून गेलेला माणूस ‘आरटीओ कुठे आहे’ विचारत हिंडतो, म्हणून हे आधी माहीत असलेलं बरं. गाडी महाराष्ट्रात आणल्यावर बारा महिन्यांच्या आत इथली नोंदणी करून घ्यावी लागते आणि इथला कर भरावा लागतो. त्याआधी पाहायचं ते एवढं: आरसी चालू आहे की मुदत संपून वर्षं लोटली आहेत, बँकेचा बोजा उतरला आहे का, जुना कर थकलेला आहे का, गाडीवर चलनं किंवा पोलीस केस आहे का. विकणारा स्वतः मालक आहे, की पाच हात फिरलेल्या सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्मांवर गाडी विकतो आहे? दुसरा प्रकार असेल तर किंमत कितीही गोड वाटली तरी हात आखडता घ्यावा. मूळ मालक सापडल्याशिवाय एनओसी निघणं अवघड, आणि वीस वर्षांपूर्वीचा मूळ मालक बहुधा सापडत नाही.

आणखी एक गोष्ट कागदावर वाचायची असते: गाडी खासगी म्हणून नोंदलेली आहे की मालवाहू म्हणून. मालवाहू गाडीला फिटनेसचा दाखला लागतो. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी. मालवाहूचा विमा, आणि लागत असेल तर परमिट, हे सगळं मागून येतंच. फक्त रविवारी फिरवायला गाडी हवी असलेल्याने हा खर्च आधी मांडून पाहावा.

एक विशेष बाब इथे सांगायला हवी. उत्तरेत सापडणाऱ्या या जुन्या पिकअपांपैकी बऱ्याच जणी मूळच्या महाराष्ट्राच्या. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत देशातला मोटारधंदा मुंबईभोवती जमला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो आणि फार्गो या नावांचे ट्रक बाहेर पडू लागले. १९४५ मध्ये सुरू झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद कंपनीचं नाव १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झालं; विलीज जीपचे सुटे भाग अमेरिकेहून आणून मुंबईत माझगावला जोडण्याचं काम १९४७ पासून चालू होतं. गोरेगावात १९५८ मध्ये बजाज टेम्पोने जर्मन कंपनीच्या सहकार्याने हॅन्सीट ही तीनचाकी बांधायला घेतली. त्या कंपनीमागे अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक वकील नवलमल फिरोदिया होते. पुढे आकुर्डीचा कारखाना आला, १९६९ मध्ये मॅटाडोर आली. पुण्यातूनच १९८६ मध्ये टाटा ४०७ आणि १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ ही पिकअप निघाली.

यांत शौकिनांचं सगळ्यात जास्त मन जडतं ते महिंद्राच्या एफसी-१५० वर. जीपची ही बिनबोनेटची बहीण अमेरिकेत १९५६ च्या अखेरीस आली. केबिन इंजिनच्या वर आणून बसवल्यामुळे अवघ्या ८१ इंचांच्या व्हीलबेसवर ऐसपैस हौदा मिळाला. महिंद्राने १९६५ च्या सुमारास हलक्या व्यापारी वाहनांत पाऊल टाकलं तेव्हा हेच रूप भारतात आलं. रिकामी असताना ही गाडी पुढे जड आणि मागे हलकी असते, त्यामुळे ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं जमीन सोडू पाहतात. विकत घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून हौद्यात थोडं वजन ठेवून चालवावी.

उत्तरेतला दुसरा मोठा झरा लष्कराचा. जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनलेल्या जोंगा आणि निसान वन-टन गाड्या सेवेतून निघाल्या की लिलावात येतात. आता हे लिलाव बहुतांशी एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन खिडकीतून होतात. जोंगाचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन जवळजवळ चार लिटरचं, दणकट आणि खादाड. म्हणून लिलावातून सुटल्यावर कितीतरी गाड्यांत कुठलं तरी डिझेल इंजिन कोंबलं गेलं. हरियाणा-पंजाबच्या सीमेवरची मंडी डबवाली तर जीपा नव्याने घडवण्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही, पण कायदा कारागिरीकडे पाहत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून आरसीतली नोंद वेगळी पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका खटल्यात ते आणखी ठळक केलं. तेव्हा रुंद टायर, वाढवलेली उंची, बदललेलं इंजिन असलेली देखणी गाडी दिसली की आरसीत इंजिन क्रमांक आणि इंधनाचा रकाना आधी वाचायचा. लष्करी गाडीसोबत लिलावाची आणि सुटकेची मूळ कागदपत्रं नसतील तर तिची मुलकी नोंदणी होणं कठीण.

कागद जुळले की गाडीखाली झोपायचं. हा भाग कुणावर सोपवू नये.

पानिपत समुद्रापासून लांब आहे, त्यामुळे कोकणातल्या गाडीसारखा खाऱ्या हवेने पत्रा आतून पोखरलेला नसतो. उत्तरेतली जुनी गाडी घेण्याचं हे सगळ्यात मोठं समर्थन. पण यमुनाकाठच्या गावात पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असू शकते, आणि पिकअपला तिचा स्वतःचा एक रोग असतो: हौद्याच्या फळ्या आणि चॅसीचा चॅनल यांच्यामध्ये माती साठते, ती पावसाळाभर ओली राहते आणि लोखंड तिथून सडतं. छोटी हातोडी घेऊन चॅनलवर टोकापासून टोकापर्यंत टकटक करत जावं. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं भद्द बोलतं. केबिनच्या मागची जागा आणि मागच्या पाट्यांचे शॅकल जिथे बसतात ती जागा नीट घासून पाहावी. क्षमतेच्या दुप्पट माल वाहिलेल्या गाडीची चॅसी नेमकी तिथे चिरते, आणि तिथेच कधीतरी पट्टी मारून वेल्डिंग केलेलं असतं. जुनी डागडुजी असणं हा दोष नाही. ताज्या काळ्या रंगाखाली ती लपवलेली असणं हा दोष आहे. मग साधी टेप घेऊन चॅसीचे दोन्ही कर्ण मोजावेत. मापं वेगळी आली तर गाडी कधीतरी आपटून तिरकी झाली आहे, आणि ती रस्त्यावर सरळ धावणार नाही.

नंबर ठोकलेल्या जागेवर घासल्याची, पुन्हा ठोकल्याची, आसपास वेल्डिंगची खूण दिसली तर पुढचं काहीच पाहू नये. बॉडीवर लोहचुंबक फिरवावं. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी जाड लांबी भरलेली आहे.

आता इंजिन. जुन्या पेट्रोल जीपांत दोन इंजिनं भेटतात, दोन्ही २१९९ सीसीची: विलीजचं साइड-व्हॉल्व्ह ६० अश्वशक्तीचं, आणि नंतरचं सुधारलेलं हरिकेन, ७५ अश्वशक्तीचं. डिझेलमध्ये महिंद्राने आधी ट्रॅक्टरचा आधार घेतला. इंटरनॅशनल हार्वेस्टरशी १९६३ मध्ये केलेल्या करारातून बी-२७५ ट्रॅक्टर आला होता आणि त्याच घराण्यातलं २३५० सीसीचं इंजिन जीपांत बसलं. हरियाणात ही मोठी सोय ठरते, कारण तिथे गावोगावी ट्रॅक्टरचा मिस्त्री आहे आणि त्याला या इंजिनाची हाडं पाठ आहेत. ऐंशीच्या दशकात प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल आलं. ते आपल्या इगतपुरीत बनायचं. ते ट्रॅक्टरच्या इंजिनापेक्षा हलकं आणि चपळ, पण गरम होऊन हेड गेलं की खर्चात टाकणारं.

इंजिन पाहायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगावं की गाडी सुरू करून ठेवू नका. बोनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. गरम इंजिन आपले अर्धे आजार झाकतं. सुरू झाल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. बऱ्याचदा नोझल-पंपाचं काम निघतं. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटकडे संशय न्यावा आणि रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहावं. ऑइलचं झाकण उघडून त्यातून भकाभक वाफा येत असतील तर बोअर गेला. यातलं काहीही असलं तरी गाडी सोडून द्यायची गरज नाही, फक्त भाव त्याप्रमाणे उतरवून घ्यावा. बोअर करणारं लेथ आणि नोझल तपासणारी पंप-रूम प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आहे, आणि मायकोचे नोझल तर नाशिकच्याच कारखान्यात बनतात.

सुट्या भागांचा खरा अडसर इंजिनात नाही, तो दिसणाऱ्या वस्तूंत आहे. अमेरिकेत फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टीवर कारखान्यातच हौदा बसवून २८१ डॉलरला पिकअप विकली. तिथे आज जुन्या फोर्ड-शेव्हरलेट पिकअपांचे दरवाजे, फेंडर, फाळके, रबरं नव्याने बनतात. कॅटलॉग उघडून जवळजवळ अख्खी गाडी मागवता येते. आपल्याकडे साध्या जीपचे भाग दिल्लीच्या कश्मीरी गेटला मिळतात, जुने उतरवलेले भाग मायापुरीत धुंडाळता येतात. पण एफसी-१५० ची दाराची मूठ, मॅटाडोरच्या दिव्याची कडी, डॉजच्या डॅशबोर्डावरचं मीटर हे बनवणारं कुणी नाही. म्हणून इंजिन बंद पडलेली पण सगळे तुकडे जागेवर असलेली गाडी ही चालू पण अर्धवट गाडीपेक्षा नेहमी चांगली खरेदी असते. सपाट काच कुठलाही काचवाला कापून देतो, वाकवलेली काच मिळत नाही. तडा गेलेली दिसली तर तेवढ्यानेच हिशेब बदलतो.

दुरुस्तीत पहिला खर्च ब्रेकवर करावा, रंगावर नाही. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम असतात आणि बहुतेकींना एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर. म्हणजे एका चाकाच्या सिलिंडरमधून तेल गळलं की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. चारही व्हील सिलिंडरच्या किट, मास्टर सिलिंडर, रबरी होज आणि तांबेरलेल्या नळ्या हे सगळं एका दमात बदलावं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, म्हणून गाडी कितीही कमी चालली तरी दोन वर्षांनी ते नवं भरायचं. त्यापाठोपाठ किंगपिन, स्टिअरिंगचे जोड, पाट्यांचे बुश. जुनी वायरिंग कापडी वेष्टणाची किंवा कडक झालेली असेल तर ती जोडत बसू नये. पूर्ण हार्नेस नवा बांधून घ्यावा आणि फ्यूज वाढवावेत. जुन्या गाड्यांना आग लागते ती बहुधा वायरीतून किंवा पेट्रोलच्या नळीतून.

पेट्रोलच्या नळीचा विषय निघाला की पानिपत पुन्हा येतं. १० ऑगस्ट २०२२ ला इथल्या इंडियन ऑइलच्या रिफायनरीजवळ दुसऱ्या पिढीचा इथेनॉल प्रकल्प देशाला अर्पण झाला. सुमारे ९०० कोटींचा, वर्षाला जवळपास २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल काढण्याच्या क्षमतेचा. शेतातला पेंढा जाळण्याऐवजी त्याचं इंधन होणं ही उत्तम गोष्ट आहे. पण आज पंपावर मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल १९६० च्या गाडीच्या रबराला मानवत नाही. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची डायफ्रॅम फुगवतं, ओलावा ओढून टाकी आतून गंजवतं, टाकीत चिकटलेला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून थेट जेटमध्ये नेतं. यावर इलाज आहे: इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि गॅस्केट, टाकी काढून आतून साफ, आणि कार्ब्युरेटरच्या आधी एक पारदर्शक फिल्टर, म्हणजे कचरा डोळ्यांना दिसतो. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं, तेवढा जेट मोठा करून घ्यावा. या इंजिनांचं कॉम्प्रेशन इतकं कमी असतं की नॉकिंगची भीती नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवणं हीच सगळ्यात स्वस्त देखभाल.

बाकीची देखभाल ग्रीसगनने होते. या गाड्यांत किंगपिन, शॅकल, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस अशा ठिकठिकाणी ग्रीसची निपलं असतात आणि जुन्या चालकांना ती तोंडपाठ असत. पावसाळ्यानंतर आणि धुलाईनंतर प्रत्येक निपलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरायचं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, डिफ्रन्शियल यांचं तेल नुसतं मोजून थांबू नये, गाडी घेतल्या घेतल्या बदलून टाकावं. त्यात पाणी किंवा पितळेचा चुरा निघाला तर पुढचं दुखणं आधीच कळतं. जीपच्या तीन गिअरच्या टी-९० बॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, चालत्या गाडीत तो जबरदस्तीने टाकला की दाते जातात. डबल क्लच मारायला शिकणं हीसुद्धा देखभालच. आणि पंधरा दिवसांतून एकदा गाडी रस्त्यावर काढून इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावी. जागेवर पाच मिनिटं घरघर करून बंद केल्याने सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये फक्त पाणी साठतं.

एवढं सगळं करून गाडी उभी राहिली की मालकाला वाटतं, तिची व्हिंटेज म्हणून नोंद व्हावी. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये त्यासाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणायची. पण हा नियम दुचाकी आणि चारचाकींसाठी आहे आणि त्याची सगळी रचना वैयक्तिक, बिगरव्यापारी वापर धरून केलेली आहे. राजेरजवाड्यांची मोटार त्यात सहज बसते. मालवाहू म्हणून जन्मभर नोंदलेली पिकअप दाराशीच अडखळते. आणि गोरेगावची हॅन्सीट, जिने महाराष्ट्राच्या बाजारपेठांत भाजीपाला, दूध आणि लग्नाची भांडी वाहिली, ती तर तीन चाकांची म्हणून पहिल्याच ओळीत बाहेर पडते.

हरियाणातच, तावडूच्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये, तरुण ठकराल यांनी २०१३ पासून मोटारींइतकंच मानाचं स्थान कष्टाच्या वाहनांना दिलं आहे. महाराष्ट्रात तर या गाड्या जन्मल्या. इथल्या परिवहन खात्याने आणि मोटार क्लबांनी मिळून केंद्राकडे दोन साध्या मागण्या नेल्या पाहिजेत: ५० वर्षांवरच्या तीनचाकींना या नियमात घ्यावं, आणि परमिट असेल तर ते परत करून मालवाहतूक कायमची सोडलेल्या पिकअपला व्हिंटेज नोंदणीसाठी अर्ज करू द्यावा. टाटामोबाइल २०६ ची पहिली खेप पन्नाशी गाठेल २०३८ मध्ये. तोवर नियम बदलला नाही, तर तिच्यातल्या किती गाड्या अर्ज करायला शिल्लक असतील हे पानिपतच्या भंगारवाल्यांना विचारावं लागेल.